परसबागेची भिस्त एका दिवसावर नको

संक्रांत उलटली की अमरावती-अकोल्याच्या घराघरांत उन्हाळी भाजीपाल्याची चर्चा सुरू होते. अंगणातला मेथी-पालकाचा वाफा संपत आलेला असतो, कुंडीतला सांभार फुलावर येऊ लागतो आणि रिकाम्या होणाऱ्या जागेत भेंडी, गवार, बरबटी, ढेमसे, काकडी, दोडके कधी लावायचे हा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण एका दिवसाच्या रूपात शोधतात. कोणी वसंत पंचमी धरतो, कोणी महाशिवरात्र, कोणी होळीपर्यंत थांबतो, तर कोणी बियाण्याच्या पाकिटावर छापलेला महिना प्रमाण मानतो. मग त्या दिवशी सगळे बी एकदम मातीत जाते आणि पुढच्या महिन्याभरात थंडी, गारा किंवा ऊन यांपैकी एखादा तडाखा बसला की सगळी बाग एकदमच बसते. वऱ्हाडातल्या हवामानाची घडण पाहिली तर असा एक योग्य दिवस इथे नसतोच, हे लक्षात येते. म्हणून योग्य दिवस शोधत बसण्याऐवजी लागवड तीन हप्त्यांत वाटून टाकणे हाच इथल्या परसबागेसाठी शहाणपणाचा मार्ग आहे, असे मला ठामपणे वाटते. त्याची कारणे हवामानात आहेत, मातीत आहेत आणि भाज्यांच्या स्वभावातही आहेत.

थंड देशांतल्या बागवानांपुढचा प्रश्न त्या मानाने सरळ असतो. जर्मनी आणि आसपासच्या प्रदेशात मे महिन्याच्या ११ ते १५ तारखांना 'हिमसंतां'चे दिवस म्हणतात. ते सरेपर्यंत टोमॅटो-काकडीची रोपे उघड्यावर लावायची नाहीत, असा जुना रिवाज आहे. तिथे धोका एका बाजूचा असतो. शेवटचे दहिवर पडून गेले की पुढे सगळा मोसम मोकळा. थांबणाऱ्याचे तिथे फारसे नुकसान होत नाही. वऱ्हाडात मात्र थांबण्यालाही किंमत मोजावी लागते. अकोल्यात फेब्रुवारीत रात्रीचा पारा सरासरी १५ अंशांच्या आसपास असतो आणि दुपारचा ३२-३३ अंशांवर. मार्चअखेर दुपारचा पारा चाळिशीला टेकतो आणि एप्रिल-मेमध्ये तो ४१-४२च्या वर राहतो. म्हणजे थंडीची पाठ आणि उन्हाळ्याचे तोंड यांच्यामध्ये जेमतेम पाच-सहा आठवड्यांची फट आहे आणि नेमक्या त्याच फटीत अवकाळी पाऊस आणि गारपीट येते. लवकर लावले तर थंडी, मध्ये लावले तर गारा, उशिरा लावले तर ऊन, असा हा तिहेरी पेच आहे.

थंडीची बाजू आधी पाहू. उन्हाळी भाज्यांचे बी उबेवर उगवते. भेंडीची उगवण २० अंशांखाली नीट होत नाही. माती २५ ते ३० अंशांपर्यंत तापलेली असेल तर तेच बी आठवड्याभरात वर येते. काकडी, दोडके, कारले, ढेमसे या वेलवर्गीय भाज्यांचेही तसेच. गार मातीत पडलेले बी पाणी शोषून फुगते, पण पुढे सरकत नाही आणि ओल राहिली तर कुजते. दुपारी ३२ अंश ऊन पडते म्हणून माती तापली असेल, असे समजणे फसवे आहे. वऱ्हाडची काळी माती पाणी धरून ठेवते आणि ओली माती हळू तापते. त्यात रात्रीचा पारा १२-१३ पर्यंत उतरला की दिवसभरात मिळवलेली ऊब रात्री निघून जाते. म्हणून जानेवारीअखेर पेरलेले बी कधी आठ दिवसांत, तर कधी पंधरा दिवसांतही दिसत नाही. भेंडी आणि कारल्याचे टणक कवचाचे बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून लावले तर हा उशीर थोडा कमी होतो, पण गार माती त्याने गरम होत नाही.

दुसरा धोका आभाळातून येतो. हिवाळ्याच्या अखेरीस उत्तरेकडून जाणारे पश्चिमी विक्षोभ वरच्या थरांत थंड हवा आणतात. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून येणारे दमट वारे आणि पश्चिमेकडचे कोरडे वारे मध्य भारतावर, बऱ्याचदा विदर्भावरच, एकमेकांना भिडतात. खाली तापलेली जमीन, मध्ये दमट हवा आणि वर गारठा असा योग जुळला की उंचच उंच ढग उभे राहतात. या दिवसांत पाणी गोठण्याची पातळी पावसाळ्यापेक्षा खाली असते, त्यामुळे ढगात तयार झालेली गार जमिनीवर येईपर्यंत पुरती वितळत नाही. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्याच्या बहुतेक भागांना गारपिटीने झोडपले. ११ फेब्रुवारी २०१८ रोजी विदर्भ-मराठवाड्याच्या अनेक जिल्ह्यांत पुन्हा तसेच झाले आणि अकोला-अमरावतीही त्यात सापडले. २०२३चे वर्ष तर या अनिश्चिततेचा नमुनाच होते. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत देशाचे सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वाधिक ठरले. त्यानंतर मार्चच्या मध्यात महाराष्ट्रात गारा पडल्या आणि ९ एप्रिलला वादळी पावसात अकोला जिल्ह्यातल्या पारस येथे पत्र्याच्या शेडवर झाड कोसळून सात माणसे दगावली. एकाच मोसमात विक्रमी ऊन, गारपीट आणि वादळ. अशा वर्षी कोणता एक दिवस बरोबर ठरला असता?

तिसरी बाजू उन्हाची. इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो, कारण ते पेरणीच्या दिवसाचे हवामान पाहतात. पाहायला हवे ते फुलोऱ्याच्या दिवसांचे. भेंडीला पेरल्यापासून साधारण ४० ते ४५ दिवसांनी फुले येतात. बरबटी, काकडी आणि ढेमशाची पहिली तोडणी दीड महिन्याच्या पुढेमागे, दोडके-कारल्याची दोन महिन्यांच्या आसपास. म्हणजे मार्चअखेर लावलेल्या भेंडीला फूल येते ते मेमध्ये आणि तापमान ४२च्या वर गेले की भेंडीची फुले गळतात. टोमॅटो तर त्याहून नाजूक आहे. दिवसा ३५ अंशांच्या पुढे आणि रात्रीही उकाडा राहिला की त्याचे पराग निकामी होऊ लागतात; झाड हिरवेगार दिसते, फुले येतात, पण फळ धरत नाही. वेलींचा आणखी एक स्वभाव आहे. काकडी, दोडके, कारले यांच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. दिवस लहान आणि हवा सौम्य असताना मादी फुलांचे प्रमाण वाढते, तर लांब दिवस आणि कडक ऊन असेल तर नर फुलेच जास्त येतात. उशिरा लावलेला वेल मांडवभर पसरतो आणि काकड्या मात्र मोजक्याच मिळतात, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

आता या तिन्ही बाजू एकत्र ठेवून तीन हप्त्यांचा हिशेब मांडू. पहिला हप्ता जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, दुसरा १० फेब्रुवारीच्या सुमारास, तिसरा फेब्रुवारीच्या अखेरीस. भेंडीपुरते बोलायचे तर पहिल्या हप्त्याची तोडणी थंडीमुळे थोडी रेंगाळत २० मार्चच्या आसपास सुरू होईल, दुसऱ्याची मार्चअखेर आणि तिसऱ्याची एप्रिलच्या मध्यावर. थंडी लांबली तर पहिल्या हप्त्याची उगवण विरळ होईल, पण दुसरा आणि तिसरा सुखरूप राहतील. १५ मार्चला गारा पडल्या तर पहिला हप्ता ऐन फुलोऱ्यात मार खाईल, मात्र तिसऱ्या हप्त्याची रोपे वीतभर उंच असतील आणि एका गोणपाटाखाली झाकता येतील. फेब्रुवारीतच ऊन चढले तर पहिल्या हप्त्याला त्याचा फायदाच होईल. तिन्ही हप्ते एकदम बुडतील असे वर्ष विरळाच. उलट, सगळे ठीक गेले तरी घराला तोटा नाही. एकाच आठवड्यात टोपलीभर भेंडी येऊन शेजाऱ्यांना वाटत बसण्यापेक्षा चार माणसांच्या घराला पुरेल एवढी भाजी आठ-नऊ आठवडे मिळत राहते. कोणती भाजी कोणत्या हप्त्यात जास्त लावायची, हेही तिच्या स्वभावावरून ठरते. काकडी, टोमॅटोची रोपे, सांभार यांचा भर पहिल्या हप्त्यावर हवा. गवार, बरबटी आणि ढेमसे ही उन्हाला खमकी मंडळी, त्यांचा भर शेवटच्या हप्त्यावर चालतो.

या तारखा मात्र अंदाजाच्या आहेत. प्रत्यक्ष पेरणीचा दिवस मातीने सांगायचा आणि त्यासाठी शेतकऱ्यांकडे वाफसा नावाची कसोटी पिढ्यान्‌पिढ्या आहे. जमिनीत ओल आहे पण चिखल नाही, हवाही खेळते आहे, अशी अवस्था म्हणजे वाफसा. ती ओळखायला यंत्र लागत नाही. खुरपीने चार बोटे खोल माती काढावी, मुठीत दाबून तिचा लाडू करावा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडावा. लाडू फुटून भुगा झाला तर वाफसा आहे; आपटूनही चेपलेला गोळाच राहिला तर माती अजून ओली आहे; आणि मुळात लाडूच वळला नाही तर पाणी देऊन एक-दोन दिवस थांबायला हवे. काळ्या मातीत ही कसोटी टाळून चालत नाही. तिच्यातले चिकणमातीचे बारीक कण पाणी शोषून फुगतात आणि वाळले की आकसतात. अवकाळी सरीनंतर दुसऱ्याच दिवशी हौसेने कुदळ चालवली तर कण एकमेकांवर चेपले जातात आणि आठवड्याभरात त्यांची विटेसारखी टणक ढेकळे होतात. पेरणीनंतर सर आली तर वरची माती बसून खपली धरते आणि कोवळा कोंब तिच्याखाली अडकतो. म्हणून सपाट वाफ्यापेक्षा वीतभर उंच गादीवाफा बरा, मातीत कुजलेले शेणखत भरपूर हवे आणि बी पेरल्यावर वरून गवताचे किंवा पालापाचोळ्याचे पातळ आच्छादन. खपली धरलीच, तर झारीने हलके पाणी शिंपडून ती मऊ करावी. खुरपी लावली तर कोंब मोडतात.

ज्यांना पहिला हप्ता अधिक सुरक्षित करायचा आहे, त्यांनी वेलवर्गीय भाज्यांचे बी थेट मातीत न लावता लहान पिशव्यांत लावावे. दुधाच्या रिकाम्या पिशव्या किंवा कागदी पेले, तळाला भोक पाडून, माती आणि गांडूळखत समप्रमाणात भरून चालतात. काकडी-दोडक्याच्या मुळांना धक्का सोसत नाही, म्हणून रोपाला दोन-तीन खरी पाने आली की, साधारण पंधरा ते वीस दिवसांत, पिशवी फाडून मातीच्या गोळ्यासह ते जागेवर लावायचे. या पद्धतीचा मोठा फायदा असा की ही बाग उचलून नेता येते. रात्री गारठा वाढला तर पिशव्यांचा ट्रे पडवीत, आभाळ भरून आले तर जिन्याखाली. ज्या वाफ्यात रोपे लागली आहेत, तिथे बांबूच्या कमच्यांच्या कमानी आधीच रोवून ठेवाव्यात. त्यांवर शेडनेट किंवा जुनी साडी ताणून उताराने बांधली तर गारा वर साचत नाहीत, घसरून पडतात. आभाळ निवळले की आच्छादन काढायलाच हवे, कारण दमट सावलीत रोपे कोलमडतात आणि भुरी-करपा बोकाळतो.

यावर पहिला आक्षेप परंपरेचा येईल. आपले वाडवडील सणवार पाहून लावत आणि त्यांच्या बागा पिकत, मग आताच हा खटाटोप कशाला? होळी जळाली, थंडी पळाली, हे म्हणणे अनुभवातूनच आले आहे आणि त्याचा आदर करायलाच हवा. पण तिथी चंद्रावर चालते आणि ऋतू सूर्यावर. महाशिवरात्र २०२४ साली ८ मार्चला होती, २०२५ साली २६ फेब्रुवारीला आणि २०२६ साली १५ फेब्रुवारीला. तीन वर्षांत हाच सण तब्बल तीन आठवडे मागे आला. ज्या वऱ्हाडात लागवडीची फटच पाच-सहा आठवड्यांची आहे, तिथे तीन आठवड्यांचा फरक म्हणजे मोसमाचा निम्मा भाग. जुने शेतकरी सण पाहत होते, तसे ते आभाळ, वारा आणि वाफसाही पाहत होते. आपण त्यांची तिथी उचलली आणि निरीक्षण सोडून दिले. पळस फुलला, कडुनिंबाला पालवी आली अशा खुणा तिथीपेक्षा भरवशाच्या आहेत, कारण झाड प्रत्यक्ष उबेला प्रतिसाद देते. तरी झाड सांगते ते होऊन गेलेल्या हवेबद्दल. पुढच्या आठवड्यातल्या गारांची खबर त्यालाही नसते.

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा आहे. आता मोबाइलवर अंदाज मिळतात, मग हप्ते पाडण्याची गरज काय? अंदाजांचा उपयोग करायलाच हवा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात, १९६९ साली स्थापन झालेल्या या संस्थेत, कृषी हवामान सल्ला तयार होतो आणि मंगळवारी व शुक्रवारी तो पाच दिवसांच्या अंदाजासह मराठीत मिळतो. 'मेघदूत' ॲपवर जिल्ह्याचा सल्ला दिसतो आणि 'दामिनी' ॲप विजेचा इशारा देते. हवामान विभागाचा तातडीचा इशारा तीन तासांपुरता असतो. कमानीवर साडी ताणायला तेवढा वेळ पुष्कळ झाला. पण भेंडी पेरल्यापासून फूल येईपर्यंत सहा आठवडे जातात आणि भरवशाचा अंदाज पाच दिवसांचा असतो. शिवाय गारपिटीचा पट्टा अरुंद असतो; बडनेऱ्यात गारा पडाव्यात आणि अमरावतीच्या कॅम्प भागात थेंबही नसावा, असे होऊ शकते. जिल्ह्याचा अंदाज आपल्या अंगणापुरते उत्तर देऊ शकत नाही. झाकायचे कधी, पाणी थांबवायचे कधी, फवारणी पुढे ढकलायची का, हे अंदाजावरून ठरवावे. पेरायचे किती, हे मात्र अनिश्चितता गृहीत धरूनच ठरवायला हवे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो जाणकार शेतकरीच घेतील. वेगवेगळ्या वयाची एकच भाजी शेजारी-शेजारी असली की कीड आणि रोग जुन्या झाडांवरून नव्यांवर उतरतात. भेंडीचा हळद्या रोग, ज्यात पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, पांढऱ्या माशीमार्फत असाच पसरतो. हा धोका खरा आहे. तो कमी करण्याचे उपाय मात्र परसबागेत शेतापेक्षा सोपे आहेत. दोन हप्ते एकमेकांना लागून न लावता मध्ये बरबटी किंवा तांबडा माठ घालावा. पिवळे चिकट सापळे टांगावेत. पाच टक्के निंबोळी अर्क दहा-बारा दिवसांच्या अंतराने फवारावा. आणि शिरा पिवळ्या पडलेले झाड दिसताच, त्यावर चार भेंड्या लागलेल्या असल्या तरी, उपटून नष्ट करावे. दहा एकरांत हे जमत नाही, दहा कुंड्यांत सहज जमते. जागा एवढीशी आहे, तिचे तीन भाग काय करणार, असे म्हणणाऱ्यांनाही हेच सांगावेसे वाटते. बारा कुंड्या असतील तर चार-चारचे तीन गट करा. उरलेले बी कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले तर भेंडी आणि वेलींचे बी पुढच्या वर्षीही उगवते.

शेवटचा प्रश्न पाण्याचा आहे आणि वऱ्हाडात तो टाळता येत नाही. तिसरा हप्ता एप्रिल-मेपर्यंत जगवायचा म्हणजे पाणी लागणार. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात तर विहिरीचे पाणी घातले की पाण्याबरोबर क्षारही मातीत जातात. ऊन वाढले की पाणी उडून जाते आणि क्षार पांढुरक्या थराने वर उरतात. अशा ठिकाणी तिसरा हप्ता लहान ठेवावा आणि त्यात गवार-बरबटी घ्यावी. सरी-वरंब्यावर लावताना बी वरंब्याच्या माथ्यावर न टोचता उतारावर टोचावे, कारण क्षार माथ्याशी साचतात. आणि ज्या अवकाळी पावसाला आपण शिव्या देतो, त्याचे पाणी गोडे असते. पत्र्यावरून किंवा गच्चीवरून ते पिंपात धरले तर कोवळ्या रोपांना आठ-दहा दिवस तेच द्यावे. आच्छादन जाड ठेवले आणि पाणी सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर दिले तर कमी पाण्यातही बाग तगते.

एवढे करूनही गारांचा मार बसलाच तर घाईने सगळे उपटू नका. फाटलेली पाने आणि मोडलेले शेंडे काढा, साचलेले पाणी वाट करून काढून द्या आणि जखमांतून बुरशी शिरू नये म्हणून कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला तीन ग्रॅम या प्रमाणात फवारा. त्यानंतर काही दिवस भाजी तोडू नका. आठ-दहा दिवसांत नवी फूट दिसली तर झाड जगले. नाही दिसली तर त्या जागी पुढच्या हप्त्याचे रोप लावा. हवामान पूर्वीसारखे होण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. ते आपल्या हातात नाही. बियाण्याची पुडी आपल्या हातात आहे. या जानेवारीत ती एकदम रिकामी न करता तिचे तीन भाग करा, प्रत्येक भागाआधी मातीचा लाडू वळून वाफसा पाहा आणि कोणत्या तारखेला काय लावले व काय पिकले, हे कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. तीन-चार वर्षांच्या त्या नोंदी तुमच्या अंगणापुरत्या कोणत्याही पंचांगापेक्षा आणि पाकिटावरच्या छापील महिन्यापेक्षा जास्त भरवशाच्या ठरतील.